अमेरिकेतली असिस्टंटशिप : पैसे कोणाच्या खिशातून येतात, हे आधी बघा

गोदाकाठ (धागाकर्ती)

मार्च-एप्रिल आला की ओळखीपाळखीतून फोन सुरू होतात. "पोराला एमएसची ॲडमिशन मिळाली, तेवढं असिस्टंटशिपचं बघा की." बहुतेकांना वाटतं की ही शिष्यवृत्तीचीच एक जात. मार्क चांगले असले की मिळते, ओळख असली की लवकर मिळते. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांच्या भरवशावर लोक कर्जाचे हिशेब मांडतात, म्हणून हा धागा. मी मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते. आमच्या विभागात टीचिंग असिस्टंटच्या (टीए) नेमणुका ठरवणाऱ्या समितीत गेली काही वर्षं आहे. टेबलाच्या त्या बाजूने जे दिसतं ते सांगते.

असिस्टंटशिप ही नोकरी आहे. विद्यापीठाला एखादं काम करून घ्यायचं असतं आणि त्यासाठी कुणाच्या तरी बजेटमध्ये पैसे ठेवलेले असतात. ते बजेट कोणाचं, हे कळलं की कोणाला विचारायचं, कधी विचारायचं आणि आशा किती धरायची हे आपोआप कळतं.

टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट, यांचे पैसे शिकवण्याच्या बजेटमधून येतात. पदवीच्या पहिल्या वर्षाची शेकडो मुलं कॅल्क्युलस, प्राथमिक संख्याशास्त्र, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, इंग्रजी लेखन असले विषय घेतात. प्राध्यापक अडीचशे जणांना व्याख्यान देतो, मग त्याच वर्गाचे पंचवीस-तीस जणांचे गट पाडून एकेका टीएकडे सोपवतात. थोडक्यात, टीएंच्या जागा पदवीची किती मुलं तो विषय घेतात यावर ठरतात. एमएसला किती जण आले याच्याशी त्याचा संबंध नाही. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इंग्रजी या विभागांना टीए भरपूर लागतात ते यामुळे. उलट एमएसच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या पण पदवीचे वर्ग फारसे नसलेल्या विभागांत चारशे जणांमागे मोजक्या जागा असू शकतात.

आरए, म्हणजे रिसर्च असिस्टंट, यांचे पैसे प्राध्यापकाच्या ग्रँटमधून, म्हणजे संशोधनासाठी बाहेरून मिळालेल्या निधीतून येतात. एनएसएफ (विज्ञान) आणि एनआयएच (आरोग्य) या निधी देणाऱ्या केंद्राच्या संस्था, ऊर्जा विभाग, संरक्षण विभाग, क्वचित एखादी कंपनी. प्रस्ताव लिहितानाच त्यात 'एक पीएचडी विद्यार्थी, तीन वर्षं' असं बजेट मांडलेलं असतं. त्या एका ओळीत स्टायपेंड (महिन्याचा पगार), विम्याचा हप्ता, बहुतेक ठिकाणी ट्यूशन (शिकवण्याची फी) आणि वर विद्यापीठाचा ओव्हरहेड (जागा, वीज, कार्यालयाच्या खर्चाचा वाटा), एवढं सगळं येतं. तुमच्या हातात जे पडतं त्याच्या कितीतरी पट खर्च प्राध्यापकाच्या खात्यावर पडतो. तयार व्हायला वर्ष घेणार आणि दुसऱ्या वर्षाअखेर नोकरीला जाणार अशा एमएसच्या मुलावर तो खर्च करायला प्राध्यापक कचरतो. यात तुमच्या हुशारीबद्दल शंका नसते.

तिसरा प्रकार जीए, म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट. ग्रंथालय, वसतिगृहं, क्रीडा विभाग, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, लेखन केंद्र, आयटी या ठिकाणची कामं. यांच्याकडे आपल्या मुलांचं लक्षच जात नाही. या जागा विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या पोर्टलवर रीतसर जाहीर होतात आणि बऱ्याच ठिकाणी कुठल्याही विभागाच्या विद्यार्थ्याला चालतात.

कामाचे तास 'हाफ टाइम' किंवा 'क्वार्टर टाइम' असे लिहितात. हाफ टाइम म्हणजे आठवड्याला २० तास, क्वार्टर म्हणजे १०. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर २० तासांच्या वर काम करता येत नाही आणि त्यात सगळी कामं मिळून धरतात. हाफ टाइम टीए असलेल्याने संध्याकाळी कॅम्पसच्या कँटीनमध्ये आणखी पाच तास घेतले तर तो व्हिसाच्या अटी मोडतो. हे हलक्यात घेऊ नका.

बाकी प्रश्न येतील तसं लिहीन.

चिंचेचं_झाड

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आम्ही कोल्हापूरचे. मुलाला संगणकशास्त्रात एमएसला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. इथल्या कन्सल्टंटचं म्हणणं, पहिलं सेमिस्टर तुम्ही भरा, दुसऱ्यापासून टीएशिप मिळतेच, म्हणून कर्ज निम्मंच काढा. हे कितपत खरं धरायचं? घर तारण ठेवायची वेळ आहे, म्हणून स्पष्टच विचारतो.

उत्तररात्र

काका, मी दोन वर्षांपूर्वी हेच करून बाहेर पडलोय. 'मिळतेच' हा शब्द मनातून काढून टाका. आमच्या बॅचमध्ये पूर्ण टीएशिप मिळालेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. संगणकशास्त्रात पदवीची मुलं खूप असतात हे खरं, पण त्या जागांवर पहिला हक्क पीएचडीवाल्यांचा. त्यांना ऑफर लेटरमध्येच शब्द दिलेला असतो. ते भरून उरलं तर एमएस.

एमएसवाल्यांना जास्त करून मिळतं ते ग्रेडरचं काम. तासाप्रमाणे पैसे, आठवड्याला आठ-दहा तास, गृहपाठ तपासायचे. यातून किराणा आणि भाड्याचा थोडा वाटा निघतो. पण ग्रेडरला सहसा ट्यूशन वेव्हर, म्हणजे फीमाफी, मिळत नाही, आणि फरक तिथेच आहे. कन्सल्टंट लोक ग्रेडर, टीए, कॅम्पस जॉब सगळं एकाच पारड्यात टाकून 'असिस्टंटशिप' म्हणतात.

वेव्हरचे नियम जागोजागी वेगळे. इलिनॉयच्या अर्बाना-शँपेनला पूर्णवेळेच्या २५ ते ६७ टक्क्यांची नेमणूक असेल तर ट्यूशन माफ होते, म्हणजे क्वार्टर टाइमलाही मिळते. एफ-१ वाल्याला अर्थात ५० च्या वर जाता येत नाही. टेक्सासचा कायदा वेगळा. तिथल्या सरकारी विद्यापीठात आपल्या विषयाशी संबंधित हाफ टाइम टीए किंवा आरए असाल तर राज्यातल्या रहिवाशांच्या दराने फी लागते. किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तरी तो दर लागू होऊ शकतो, फक्त अशा सवलती किती जणांना द्यायच्या यावर मर्यादा आहे. एवढीशी शिष्यवृत्ती सोडू नका असं टेक्सासला जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो. तिची खरी किंमत हजार डॉलरच्या कितीतरी वर आहे.

गोदाकाठ

उत्तररात्र यांनी लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे.

चिंचेचं_झाड, माझं स्पष्ट मत सांगते. कर्ज पूर्ण दोन वर्षांचं मंजूर करून घ्या, पण उचल हप्त्याहप्त्याने करा. व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. मंजुरी हातात ठेवून पुढचा हप्ता न उचलणं सोपं असतं. निम्मंच मंजूर करून घेतलं आणि वर्षाने वाढवून मागायची वेळ आली, तर पुन्हा मूल्यांकन, पुन्हा कागद, आणि मुलगा तिकडे फी भरायच्या तारखेकडे डोळे लावून बसलेला. असिस्टंटशिप मिळाली तर आनंदच आहे, पण दोन्ही वर्षांचा हिशेब तिच्याशिवाय जुळत असेल तरच त्या विद्यापीठाला हो म्हणा. जुळत नसेल तर दुसरं, स्वस्त विद्यापीठ बघा.

माळरान

वाचनखूण साठवली. बहिणीला पाठवते.

सह्यकडा

माझा प्रश्न पीएचडीचा. मटेरियल सायन्सला एका ठिकाणची ऑफर आली आहे. पत्राचा मथितार्थ असा : "नऊ महिन्यांची हाफ टाइम ग्रॅज्युएट असिस्टंटशिप, ट्यूशन रेमिशन, विद्यार्थी आरोग्य विम्यात वाटा. समाधानकारक प्रगती आणि निधीची उपलब्धता असल्यास पाच वर्षांपर्यंत नूतनीकरण अपेक्षित." सही करायला दहा दिवसांची मुदत दिली आहे, म्हणजे मार्चअखेर. दुसऱ्या विद्यापीठाचं उत्तर अजून यायचंय. काय करावं?

गोदाकाठ

आधी तारखेचं. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या संस्थेचा '१५ एप्रिलचा ठराव' आहे. ज्या विद्यापीठांनी त्यावर सही केली आहे त्यांनी आर्थिक मदतीच्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्या अशी सक्ती करायची नाही, असा तो करार. सही केलेल्यांची यादी कौन्सिलच्या संकेतस्थळावर आहे. त्यात तुमचं विद्यापीठ असेल तर विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला दोन ओळींची सभ्य मेल टाका : ऑफरबद्दल आभार, ठरावानुसार १५ एप्रिलपर्यंत निर्णय कळवेन. कुणी रागावत नाही. कोऑर्डिनेटरला हा ठराव पाठ असतो.

आता पत्र. शांतपणे एकेक शब्द धरून वाचू.

'नऊ महिने' म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. जून-जुलैचं भाडं कोण देणार हे पत्रात नाही. प्रयोगशाळेच्या विषयांत प्राध्यापक उन्हाळ्यात ग्रँटमधून पैसे देतात ही सर्वसाधारण रीत आहे, पण तुमच्याकडे ती आहे का हे लेखी विचारा. स्टायपेंडची तुलना करताना एकाची नऊ महिन्यांची रक्कम आणि दुसऱ्याची बारा महिन्यांची अशी गल्लत नेहमी होते, तीही टाळा.

'ग्रॅज्युएट असिस्टंटशिप' असं मोघम लिहिलंय. पहिलं वर्ष टीए आणि मग आरए, असं असतं का? आरए होण्यासाठी प्राध्यापक तुम्ही शोधायचा का? किती दिवसांत? न मिळाल्यास विभाग टीएशिप चालू ठेवतो का? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

'ट्यूशन रेमिशन' म्हणजे ट्यूशनच. विद्यार्थी फी, तंत्रज्ञान फी, बस, व्यायामशाळा, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांची वेगळी फी ही बहुतेकदा तुमच्या खिशातून जाते आणि काही ठिकाणी सेमिस्टरला हजार डॉलरच्या वर पोचते. हा आकडा वर्षाच्या स्टायपेंडमधून वजा करा, मग दोन ऑफर शेजारी ठेवा. पगार मोठा दिसणारी ऑफर कित्येकदा इथे मागे पडते.

'निधीची उपलब्धता असल्यास' हे शब्द बहुतेक सरकारी विद्यापीठांच्या पत्रात असतात, त्याने घाबरू नका. पण २०२५ पासून त्यांना वजन आलंय. त्या वर्षी केंद्राच्या संशोधन निधीत ग्रँट रद्द होणं, थांबणं असे प्रकार सुरू झाले. काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, काही ठिकाणी दिलेल्या ऑफरही मागे घेतल्या गेल्या. तेव्हा सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा : गेल्या दोन वर्षांत तुमच्या विभागात मध्येच कोणाचं फंडिंग तुटलं का, आणि तुटलं तेव्हा विभागाने काय केलं? पत्रात न लिहिलेलं त्या उत्तरात सापडतं.

सह्यकडा

मनापासून आभार. यादी बघितली, विद्यापीठ त्यात आहे. मेल टाकली आणि दुपारपर्यंत "अवश्य" असं उत्तरही आलं.

उत्तररात्र

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. असिस्टंटशिप असली तरी पहिला पगार हातात पडायला सप्टेंबर संपतो, कुठे ऑक्टोबरही उजाडतो. ऑगस्टमध्ये पोचल्यापोचल्या घराचं डिपॉझिट, पहिलं भाडं, गादी, भांडी, विद्यापीठाच्या फीचा पहिला हप्ता हे सगळं आधी येतं. दीड-दोन महिन्यांचा खर्च सोबत न्याच.

सोशल सिक्युरिटी नंबरसाठी (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) विभागाचं नेमणुकीचं पत्र आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयाचं पत्र लागतं. देशात आल्यावर दहाएक दिवस थांबून गेलेलं बरं, कारण तोवर तुमची नोंद त्यांच्या यंत्रणेत दिसत नाही आणि हेलपाटा पडतो. नंबर यायच्या आधी काम सुरू करता येतं, पण आय-९ हा काम करायची परवानगी तपासणारा फॉर्म कामाच्या पहिल्या दिवसानंतर तीन कामकाजी दिवसांत पूर्ण व्हावा लागतो. पासपोर्ट, आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला दाखला) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) ची छापील प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

हिशेबनीस

करांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. विद्यार्थ्यांचे विवरणपत्र भरायच्या शिबिरांत मदत करतो, तिथे दरवर्षी तेच प्रश्न येतात.

स्टायपेंड करपात्र आहे. टीए-आरएची ट्यूशन माफी सहसा करपात्र नाही. एफ-१ वर आलेला विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी 'अनिवासी' धरला जातो, त्यामुळे त्याच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले जायला नकोत. पहिली पगारपावती आली की तेवढं तपासा. चुकून कापले असतील तर पेरोल ऑफिसकडे जा, ते परत करतात.

आता भारतीयांच्या फायद्याचं. अनिवासी विद्यार्थ्याला सहसा स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. भारत-अमेरिका करविषयक करारातल्या कलम २१ मुळे भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला ते मिळतं. २०२४ साठी ते १४,६०० डॉलर होतं, २०२५ साठी १५,७५०. समजा महिना २,४०० डॉलर पगार आहे आणि ऑगस्टच्या मध्यात नोकरी सुरू झाली. डिसेंबरपर्यंत साधारण १०,८०० डॉलर होतात, म्हणजे डिडक्शनच्या आतच. पहिल्या वर्षी कापलेला केंद्राचा सगळा कर परत मिळतो. राज्याचा हिशेब वेगळा. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन या राज्यांत पगारावर राज्याचा आयकरच नाही.

विवरणपत्राचा फॉर्म १०४०-एनआर, सोबत ८८४३ (करासाठी अनिवासी असल्याची माहिती देणारा). बाजारातलं टर्बोटॅक्स वापरू नका, ते रहिवाशांसाठी आहे. बहुतेक विद्यापीठं स्प्रिंटॅक्ससारखं सॉफ्टवेअर फुकट किंवा सवलतीत देतात. ज्यांची काहीच कमाई झाली नाही त्यांनीही ८८४३ भरायचाच असतो.

पवईकर

आपल्याकडची तुलना म्हणून. आयआयटीत गेटवरून एमटेकला येणाऱ्याला महिना १२,४०० रुपये मिळतात आणि आठवड्याला आठ तास टीएचं काम असतं. पीएचडीची जेआरएफ (सुरुवातीच्या वर्षांची फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून ३७,००० आणि एसआरएफ (नंतरच्या वर्षांची) ४२,००० झाली, वर घरभाडं. मी दोन्हीकडे टीए होतो. कामाचं स्वरूप फार वेगळं नाही, पण तिकडे पदवीच्या मुलांचा तुमच्याशी थेट संबंध येतो आणि सेमिस्टरच्या शेवटी ती मुलं तुमचं लेखी मूल्यमापन करतात. ते विभागाकडे जातं आणि पुढच्या नेमणुकीच्या वेळी वाचलं जातं.

निळाई

पवईकरांच्या मुद्द्याला धरून. सध्या रसायनशास्त्रात टीए आहे. प्रत्यक्ष आठवडा कसा जातो ते सांगते, कारण २० तास ऐकायला सोपे वाटतात.

दोन प्रयोगशाळा, प्रत्येकी तीन तास. आधी अर्धा तास जाऊन द्रावणं, फ्यूम हूड, गॉगल बघायचे. दोन तास ऑफिस अवर, म्हणजे मुलं शंका घेऊन येतील म्हणून ठरलेल्या खोलीत बसायचं. सोमवारी सगळ्या टीएंची बैठक. उरलेला वेळ अहवाल तपासण्यात. मिडटर्मच्या आठवड्यात आम्ही दहा टीए एका मोठ्या खोलीत बसतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न वाटून देतात. मला प्रश्न चार मिळाला तर पाचशे पेपरांतला प्रश्न चार मीच तपासायचा, म्हणजे सगळ्यांना एकच फूटपट्टी लागते. पहिले तीस-चाळीस पेपर झाले की गुण कसे द्यायचे ते पुन्हा एकत्र बसून ठरवतो, कारण मुलांनी केलेल्या चुका नमुना उत्तरांत अपेक्षित धरलेल्या नसतात. त्यानंतर दोन दिवस "माझा अर्धा गुण" म्हणत मुलं येतात. त्यांना शांतपणे समजावणं हे माझ्या मते या कामातलं सर्वात शिकवणारं अंग आहे.

गुणांबद्दल कोणाशी बोलायचं नाही हा कायदा आहे, फेर्पा नावाचा, १९७४ चा. विद्यार्थ्याच्या आईवडिलांचा फोन आला तरी त्याचे गुण टीएने सांगायचे नाहीत. आपल्याला हे सुरुवातीला विचित्र वाटतं, नंतर पटतं.

आणखी दोन गोष्टी. टीए होण्याआधी बोलण्याची परीक्षा द्यावी लागू शकते. इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, टेक्सास अशा राज्यांत शिकवणाऱ्याचं बोलणं इंग्रजीत समजलं पाहिजे असा कायदाच आहे. आमच्याकडे टोफेलच्या स्पीकिंगचे गुण कमी असतील तर आल्यावर समितीसमोर दहा मिनिटं फळ्यावर एक संकल्पना शिकवून दाखवावी लागते. आपली मुलं व्याकरणात अडकत नाहीत, वेगात अडकतात. हळू बोला, फळ्याकडे तोंड करून बोलू नका, मध्ये थांबून समोरच्याला प्रश्न विचारा.

दुसरी डिसेंबरची. अंतिम परीक्षा होऊन गुण भरेपर्यंत टीएची सुट्टी सुरू होत नाही. स्वस्त मिळतं म्हणून ऑगस्टमध्येच १२ डिसेंबरचं मुंबईचं तिकीट काढून ठेवणारे दरवर्षी भेटतात. विद्यापीठाचं कॅलेंडर बघून, गुण भरायच्या शेवटच्या तारखेनंतरचं तिकीट काढा.

कृष्णाथडी

आमच्या साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा आणि शिका'ची वाट घालून दिली. रयतच्या वसतिगृहात शेतात काम करून शिकलेल्या पिढीतले माझे वडील. १९८० च्या दशकात मी टीए म्हणून अमेरिकेत पहिला वर्ग घेतला तेव्हा त्यांना पत्रात लिहिलं होतं की इथेही काम करूनच शिकतोय. त्यांना फार समाधान वाटलं होतं. नव्या मुलांना एवढंच सांगेन की ते काम दुय्यम समजू नका. पहिल्या वर्षाच्या मुलाला जे समजावता येतं ते आपल्यालाही पक्कं समजतं. मला नंतर शिकवण्याची नोकरी मिळाली ती टीएच्या अनुभवावर.

अबोली

नाव-गाव न सांगता विचारते. तिसऱ्या वर्षाची आरए आहे. पत्रात २० तास, प्रत्यक्षात आठवड्याचे साठ होतात, शनिवार-रविवार धरून. सरांचं म्हणणं, उरलेले चाळीस तुमच्या प्रबंधाचे. पण त्यातला बराचसा वेळ प्रयोगशाळेची खरेदी, उपकरणांची दुरुस्ती आणि दुसऱ्याच प्रकल्पाचे अहवाल यात जातो. बोलायला गेलं की "फंडिंग मी देतो" असं ऐकवतात. व्हिसा त्यांच्याच हातात आहे असं सतत वाटत राहतं आणि रात्री झोप लागत नाही.

गोदाकाठ

अबोली, आधी तुझी भीती दूर करते. व्हिसा सरांच्या हातात नाही. एफ-१ तुझ्या पूर्णवेळ नोंदणीवर टिकतो. आरएशिप गेली म्हणून स्टेटस जात नाही. ट्यूशन कोण भरणार हा प्रश्न उभा राहतो, आय-२० वरची निधीची माहिती बदलावी लागू शकते, पण त्याला वाटा असतात : विभागाची टीएशिप, दुसरे प्राध्यापक. तिसऱ्या वर्षात ॲडव्हायझर बदलणारे मी कित्येक पाहिले आहेत आणि त्यांनी वेळेत पदवी घेतली.

तुझा प्रबंध आणि आरएचं काम एकच असेल तर तासांची रेघ धूसर असते, हे मान्य. पण खरेदी, दुरुस्ती आणि दुसऱ्याच प्रकल्पाचे अहवाल हे तुझं प्रबंधाचं काम नाही. चार आठवडे रोज दोन ओळी लिहून ठेव, कोणतं काम, किती वेळ. मग डायरेक्टर ऑफ ग्रॅज्युएट स्टडीजची (विभागातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचं बघणारे प्राध्यापक) वेळ माग. त्याआधी एकटीने बोलायचं असेल तर बहुतेक विद्यापीठांत ओम्बड्स, म्हणजे तक्रारी ऐकणारं तटस्थ कार्यालय असतं, तिथलं बोलणं गोपनीय राहतं. आणि झोप लागत नसेल तर विद्यार्थी आरोग्य केंद्रातल्या समुपदेशकाकडे जा. विम्यात ते असतं, अगदी याच आठवड्यात जा.

लाल_डबा

अबोली, तुमच्या विद्यापीठात ग्रॅज्युएट कामगारांची युनियन आहे का ते बघा. परदेशी विद्यार्थ्यांनाही सदस्य होता येतं, त्याने व्हिसाला धोका नाही. विस्कॉन्सिनच्या मॅडिसनमध्ये टीएंची संघटना १९६६ ला सुरू झाली, या देशातली ती पहिली. खासगी विद्यापीठांतले टीए-आरए हे कर्मचारी आहेत असा निर्णय राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकरणात दिला. सरकारी विद्यापीठांना ज्या त्या राज्याचा कायदा लागू.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसवर मिळून सुमारे ४८,००० जण संपावर गेले होते, तो संप डिसेंबरअखेरपर्यंत चालला. त्या करारात टीएंचा नऊ महिन्यांचा किमान पगार ऑक्टोबर २०२४ पर्यंत ३४,००० डॉलरच्या आसपास नेण्याचं ठरलं. जिथे करार आहे तिथे जादा तासांच्या तक्रारीला रीतसर पायऱ्या असतात, आणि पहिल्या बैठकीला तुमच्या शेजारी युनियनचा माणूस बसतो. एकटीने जाण्यात आणि तसं जाण्यात खूप फरक आहे.

अबोली

युनियन आहे हे माहीतच नव्हतं. आज त्यांना मेल केली. सगळ्यांचे आभार.

पाणपोई

शेवटचा प्रश्न माझा. आरएशिपसाठी प्राध्यापकांना मेल कशी लिहायची? चाळीस जणांना लिहिली, एकाचंही उत्तर नाही.

गोदाकाठ

मला असल्या मेल रोज येतात, म्हणून न उघडता बंद होणाऱ्या कशा असतात ते सांगू शकते. "रिस्पेक्टेड सर" ने सुरू होणारी, वेगवेगळ्या फाँटमध्ये माझ्या पेपरचं नाव चिकटवलेली, खाली पाच जोडपत्रं. एकच मजकूर चाळिसांना गेलाय हे पहिल्या ओळीत कळतं.

चाळिसांऐवजी पाच जण निवडा. त्यांच्या नावावर चालू ग्रँट आहे का ते एनएसएफच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतं, एनआयएचच्या ग्रँटसाठी रिपोर्टर नावाचं पान आहे. ग्रँट कधी संपते तेही तिथे असतं. सहा महिन्यांत संपणार असेल तर त्या प्राध्यापकाकडे नवीन माणसासाठी पैसे असण्याची शक्यता कमी. नुकतीच सुरू झाली असेल तर त्याला माणूस हवाच आहे. मग त्यांचा अलीकडचा एक पेपर खरंच वाचा आणि सहा-सात ओळी लिहा : तुम्ही कोण, त्या पेपरमधल्या कोणत्या भागावर तुम्हाला काम करता येईल, आजवर त्याला जवळचं काय केलंय. एक पानी सीव्ही. "फंडिंग द्या" हे पहिल्या मेलमध्ये नको, "येत्या वर्षी नवे विद्यार्थी घेणार आहात का" एवढं विचारा, त्यातच ते आलं.

आणि एमएसला आधीच पोचलेले असाल तर मेलपेक्षा वर्ग बरा. ज्या विषयात उत्तम ग्रेड मिळाली त्याच्या प्राध्यापकाला नोव्हेंबरमध्ये ऑफिस अवरला जाऊन भेटा. डिसेंबरमध्ये पदवी घेऊन जाणाऱ्यांच्या जागा जानेवारीसाठी रिकाम्या होतात, आणि आमच्या समितीत आम्ही नावं ठरवतो ती थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या सुमारास. वर्गांच्या नोंदणीचे आकडे बदलले तर सेमिस्टर सुरू व्हायच्या आठवड्यातही एखादी जागा निघते, आणि त्या वेळी ज्याचं नाव प्राध्यापकाला आठवतं त्यालाच फोन जातो. तेव्हा नोव्हेंबर चुकवू नका.